एक लिटरचं टर्बो इंजिन पंधरा वर्षं टिकेल का?

वहीवाला (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

माझी गाडी १३ वर्षांची झाली. १.२ लिटर, चार सिलिंडर, टर्बो (जादा हवा कोंबणारा पंखा) नाही, मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीत, पेट्रोल फवारणारं साधं इंजेक्शन. १,६८,००० किलोमीटर झाले आणि इंजिन एकदाही उघडलेलं नाही. पहिल्या दिवसापासून पेट्रोल आणि ऑइल बदलीची वही ठेवली आहे, आता दुसरी वही संपत आली. मी दर चार-पाच वर्षांनी गाडी बदलणाऱ्यातला नाही. पुढचीही पंधरा वर्षं वापरायची हे मनाशी धरूनच घेणार आहे.

गेल्या महिन्यात एक नवी गाडी चालवून पाहिली. एक लिटर, तीन सिलिंडर, टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये). खरं सांगतो, थक्क झालो. जो चढ माझी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत चढते, तो हिने चौथ्यात, १,८०० आरपीएमवर, आवाजही न वाढवता ओढला. पण घरी आल्यापासून चैन नाही. एवढ्याशा इंजिनातून एवढी ताकद काढायची तर ती कुठून तरी वसूल होणारच ना? वाचायला बसलो तर डायरेक्ट इंजेक्शनमध्ये व्हॉल्व्हवर कार्बन धरतो असं सगळीकडे दिसतं. शिवाय अ‍ॅटकिन्सन, बदलतं कॉम्प्रेशन अशी आणखी नावं समोर येतात. कोणतं तंत्र खरोखर टिकाऊ?

माझा वापर: ऑफिस सहा किलोमीटरवर, रोज जाऊन-येऊन बारा. महिन्यातून एखादा लांबचा प्रवास. वरचा गिअर लवकर टाकून इंजिन कमी फेऱ्यांवर ठेवायची सवय आहे, त्यामुळे मायलेज कायम चांगलं मिळालं.

---

टेस्टबेडवाली

दादा, मी नऊ वर्षं इंजिन टेस्टिंगमध्ये आहे, म्हणून आधी तुमची मुख्य भीती घेते. जुन्या एक लिटरच्या इंजिनावर नुसता टर्बो चढवलेला नसतो. पिस्टन, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, पिस्टनला खालून थंड करणारे ऑइलचे फवारे, सगळं त्या दाबाच्या हिशेबाने बनवतात. आम्ही अशी इंजिनं शेकडो तास पूर्ण लोडवर पळवतो. ताकद आहे म्हणून इंजिन लवकर मरेल, असं नसतं.

पेट्रोल इंजिनात गेली कित्येक दशकं मुख्य झगडा नॉकशी आहे. कॉम्प्रेशन, म्हणजे पेटण्याआधी हवा-पेट्रोलचं मिश्रण किती पट दाबायचं ते, वाढवलं की तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम निघतं, पण फार वाढवलं की मिश्रण आपल्या मनाने पेटतं आणि इंजिन ठोकायला लागतं. डायरेक्ट इंजेक्शनचा मोठा फायदा इथे आहे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं की त्याची वाफ होताना आतली हवा गार होते आणि नॉक लांबतो. कल्पना जुनी आहे, मर्सिडीजच्या १९५४ च्या ३०० एसएलमध्ये ती होती, मित्सुबिशीने १९९६ मध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रणासह बाजारात आणली. पण टर्बोशी जोडी जमली तेव्हा तिचं खरं चीज झालं.

बदलत्या कॉम्प्रेशनचं उदाहरण म्हणजे निस्सानचं व्हीसी-टर्बो. त्यात पिस्टन आणि क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) मध्ये एक जास्तीचा दुवा आहे. एक मोटर तो कलता करते आणि पिस्टन किती वर येणार तेच बदलतं. हळू चालवताना कॉम्प्रेशन १४, जोर लागला की ८ पर्यंत खाली. माझदाच्या स्कायअ‍ॅक्टिव्ह-एक्समध्ये प्लग छोटा आगीचा गोळा पेटवतो आणि त्याच्या दाबाने उरलेलं अतिशय पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) मिश्रण डिझेलसारखं एकदम पेटतं. अभियंता म्हणून ही दोन्ही इंजिनं मला मनापासून आवडतात. पण पंधरा वर्षं ठेवायची म्हणाल, तर आत जितके सांधे जास्त तितकी बारकाईने चौकशी करा.

तुमच्यासारख्या वापराला मी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर असलेली गाडी, सुचवेन. टोयोटाच्या प्रियसमध्ये १९९७ पासून अ‍ॅटकिन्सन पद्धत आहे. हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, थोडी हवा परत जाते, आणि दाबायचा टप्पा आखूड पण ढकलायचा टप्पा पूर्ण लांब मिळतो. ताकद कमी पडते, ती मोटर भरून काढते. २०१५ च्या अखेरीस आलेल्या प्रियसच्या १.८ लिटर इंजिनाने ४० टक्के औष्णिक कार्यक्षमता गाठली, तीही मॅनिफोल्डमधल्या साध्या इंजेक्शनवर. टर्बो नाही, डायरेक्ट इंजेक्शन नाही.

---

दहाबाराचापाना

ताईंचं सगळं बरोबर आहे. माझ्याकडे इंजिन येतं ते बिघडल्यावरच, त्यामुळे माझं बोलणं थोडं त्या अंगाने जाईल. २४ वर्षं इंजिनं खोलतोय.

वहीवाले दादा, तुमच्या प्रश्नात माझी नजर शेवटच्या परिच्छेदावर अडकली. सहा किलोमीटर, आणि वरचा गिअर लवकर टाकायची सवय. तुमच्या आत्ताच्या गाडीने या दोन्ही गोष्टी तेरा वर्षं निमूट सोसल्या. छोटं टर्बो इंजिन त्या सोसणार नाही.

आधी गिअरचं. माझ्या ड्रॉवरमध्ये पिस्टनचा एक तुकडा ठेवलेला आहे, नखाएवढा. दोन रिंगांच्या मधली कड असते ना, रिंगलँड म्हणतो आम्ही, त्याचा तो तुकडा. गाडी आली ती थरथरत. कॉम्प्रेशन मोजलं तर तीनपैकी एका सिलिंडरचं निम्म्यावर. हेड उतरवलं तर पिस्टनचा माथा स्वच्छ, कुठे वितळल्याची खूण नाही. पिस्टन बाहेर काढल्यावर कड तुटलेली दिसली. गाडीचे मालक अगदी सांभाळून चालवणारे, तुमच्यासारखेच, टॉप गिअरमध्ये हळूहळू. पण चढ आला की गिअर न उतरवता पाय दाबायचा.

होतं काय, तर फेऱ्या कमी असतात आणि टर्बो मात्र हवा कोंबत असतो. अशा वेळी पिस्टनच्या कडेच्या फटीत साचलेल्या ऑइल-पेट्रोलचा थेंब उडतो आणि ठिणगी पडायच्या आधीच पेट घेतो. पिस्टन अजून वर चाललाय आणि वरून आग खाली दाबतेय. दाब नेहमीच्या दुपटीहूनही वर जाऊ शकतो. याला एलएसपीआय (लो-स्पीड प्री-इग्निशन, कमी फेऱ्यांवर वेळेआधी पेटणं) म्हणतात. कंपन्यांनी यावर बरंच काम केलंय. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटमुळे हा प्रकार वाढतो असं लक्षात आल्यावर त्यातलं काही काढून मॅग्नेशियम घातलं गेलं. ऑइलचे दर्जे ठरवणाऱ्या एपीआयने (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी दर्जा आणला, त्याचं हे एक मोठं कारण. म्हणून अशा इंजिनात डब्यावर एसपी किंवा कंपनीने सांगितलेला त्यावरचा दर्जा छापलेला नसेल तर ते ऑइल मी हातात धरत नाही. पूर्वी ऑइल म्हणजे वंगण होतं. आता तो इंजिनाचा एक पार्ट आहे, आणि चुकीचा पार्ट घातला तर जे होतं तेच इथे होतं.

हे मी इतकं जोर देऊन सांगतोय त्याला आणखी एक कारण आहे. काही नव्या इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच भिजलेला फिरतो. असंच एक इंजिन ऑइलचा दिवा लागला म्हणून आलं. संप (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) खाली घेतला तर पंपाच्या जाळीवर काळ्या रबराचे धागे, केसांच्या गुंत्यासारखे. आधी कुणीतरी भलतंच ऑइल भरलं होतं, बेल्ट फुगून सोलला आणि जाळी बुजली. ऑइल होतं, पण वर चढतच नव्हतं. गाडी घेण्याआधी एवढं तरी विचारा: चेन आहे, कोरडा बेल्ट आहे, की ऑइलमधला?

कार्बन खरा आहे. मॅनिफोल्डमध्ये इंजेक्शन असलं की पेट्रोल व्हॉल्व्हची पाठ धूत राहतं. डायरेक्टमध्ये ते धुणं बंद झालं, आणि क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या भागातून) येणारी ऑइलची वाफ तापलेल्या व्हॉल्व्हवर बसत जाते. लाख किलोमीटर झालेल्या एका गाडीत दुर्बीण घातली, तर व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती काळी खडबडीत खपली साचलेली, कंदिलाच्या काचेवरची काजळी महिनोन्‌महिने पुसली नाही तर जशी दिसेल तशी, पण दगडासारखी घट्ट. सकाळी मिसफायर व्हायचा, म्हणजे एखाद्या सिलिंडरचा स्फोट चुकायचा, प्लग आणि कॉइल आधीच कुणीतरी बदलून टाकले होते. आम्ही त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद होतील अशी क्रँक फिरवतो आणि अक्रोडाच्या कवचाचा भरडा हवेच्या दाबाने मारतो. कवच धातूला ओरखडत नाही. निम्मा दिवस जातो, पण इंजिन पुन्हा गोड चालतं. त्यामुळे कार्बनला मी इतका घाबरत नाही, तो साफ होतो. तुटलेला पिस्टन साफ होत नाही. ज्या इंजिनात दोन्ही जागी इंजेक्टर असतात, टोयोटाच्या डी-४एससारखे, तिथे हा त्रास फारच कमी दिसतो.

टर्बोबद्दल एवढंच: तो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतो, आणि त्याच्या बेअरिंगला जगवायला ऑइलची बारीकशी धार असते. जोरात पळवून आल्यावर मिनिटभर आयडलवर ठेवा, मग बंद करा.

---

वहीवाला

दोघांचेही मनापासून आभार. तो ड्रॉवरमधला तुकडा डोक्यातून जात नाहीये. चढावर गिअर न उतरवणं ही माझी फुशारकी होती. आता हायब्रिड पाहणार आहे, पण बायकोला ती टर्बो फार आवडली आहे. ती घेतलीच तर सहा किलोमीटरचं काय? ते तुम्ही सांगायचं राहिलं.

---

दहाबाराचापाना

हो, राहिलं खरं.

सहा किलोमीटरमध्ये काट्यावर पाणी तापलेलं दिसतं, पण ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये त्यातलं काही थेट सिलिंडरच्या भिंतीवर बसतं आणि रिंगांवरून ओघळून संपमध्ये उतरतं. ऑइल नीट तापलं तर त्याची वाफ होऊन जाते. रोज सहा किलोमीटरवर गाडी बंद झाली तर ते तिथेच राहतं आणि ऑइल पातळ होत जातं. हायब्रिडचं इंजिनही छोट्या फेरीत गारच राहतं, पण मॅनिफोल्डमध्ये इंजेक्शन असेल तर भिंतीवर कमी बसतं, आणि पातळ ऑइलवर जगणारा टर्बो तिथे नसतो.

टर्बो घेतलीत तर आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास सलग मोकळ्या रस्त्यावर चालवा. पुस्तकात कठीण वापरासाठी ऑइल बदलीचा वेगळा, कमी अंतराचा आकडा असतो. छोट्या फेऱ्या त्यातच मोडतात, तोच आकडा धरा. चढावर आरपीएम २,००० च्या खाली येऊन इंजिन ओढायला लागलं, तर आधी गिअर उतरवा, मग पाय दाबा.

आणि तुमच्या वहीत एक रकाना वाढवा. दर दुसऱ्या रविवारी सकाळी, गाडी सपाट जागी, इंजिन सुरू करायच्या आधी डिपस्टिक काढा, पुसा, परत घालून पातळी बघा आणि वास घ्या. पातळी खाली गेली तर इंजिन ऑइल खातंय, ते तुम्हाला माहीत आहेच. पण वर चढत असेल आणि कांडीला पेट्रोलचा वास असेल, तर ठरलेल्या किलोमीटरची वाट बघू नका, त्याच आठवड्यात ऑइल बदलून घ्या.