२० बाय १० उणे १८ घेऊ की १७ बाय ८.५ शून्य? ऑफसेटने डोकं फिरलंय

चिखलातलं_चाक:
मंडळी जरा मदत करा. टोयोटाची हायलक्स पिकअप आहे, कंपनीचे रिम १७ बाय ७.५ (व्यास बाय रुंदी, इंचात), ऑफसेट अधिक ३०, टायर २६५/६५ आर१७ (रुंदी एमएममध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यात, रिमचा व्यास इंचात). पुढे मागे २ इंच लिफ्ट केलीय (सस्पेन्शनने उचललीय). २८५/७० आर१७ चे एटी (ऑल टेरेन) टायर टाकायचे आणि गप बसायचं असं ठरलं होतं, पण मग एक २० बाय १० चा रिम दिसला, उणे १८ चा, तोंड असं खोल वाटीसारखं, आणि तेव्हापासून झोप नाही. आठवडाभर गाडी साध्या रस्त्यावर असते, महिन्यातून दोनदा दगड, चिखल, नदीपात्र असलं काहीतरी. विकणारा म्हणतो लिफ्ट आहे ना मग कुठे काही घासणार नाही, आणि उणे ऑफसेट जितका जास्त तितकी आत जागा जास्त. मला हे अधिक उणे धड कळत नाही, ते बॅकस्पेसिंग तर अजिबातच नाही. कोणीतरी सोप्या भाषेत सांगा.

लो_रेंज:
रिमच्या रुंदीच्या बरोबर मधून एक रेघ गेलीय असं समज. रिम हबला (ज्यावर चाक बोल्टने बसतं) जिथे टेकतो ती जागा त्या रेघेपासून किती एमएम लांब, तो ऑफसेट. ती जागा बाहेरच्या अंगाला असेल तर अधिक, म्हणजे चाक गाडीच्या आत शिरतं. आतल्या अंगाला असेल तर उणे, चाक बाहेर येतं. रिमवर ईटी आणि पुढे आकडा असतो तो हाच.

बॅकस्पेसिंग म्हणजे तीच गोष्ट दुसऱ्या टोकाकडून मोजलेली, इंचात. रिम पालथा घाल, कडेवर सरळ पट्टी आडवी ठेव आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या जागेपर्यंत टेप सोड. इथे भलेभले फसतात कारण ८.५ इंच रुंदी मोजतात ती टायरचा बीड (रिमला धरणारी आतली कड) बसतो तिथे, दोन्ही कडा धरल्या की रिम साधारण १ इंच जास्त भरतो. म्हणून १७ बाय ८.५ शून्य ऑफसेटचं बॅकस्पेसिंग ४.७५ येतं, ४.२५ नाही.

आता तुझं गणित, कागद घे. १७ बाय ८.५ शून्य घेतलास तर रुंदी १ इंच वाढली, म्हणजे दोन्हीकडे १२.७, आणि ऑफसेटमुळे चाक ३० ने बाहेर सरकलं. आतली कड सस्पेन्शनपासून १७ एमएम लांब गेली, बाहेरची कड ४३ बाहेर आली. २० बाय १० उणे १८ मध्ये रुंदी अडीच इंच वाढली, दोन्हीकडे जवळपास ३२, ऑफसेटने ४८ बाहेर. आतली कड १६ लांब, बाहेरची ८० बाहेर.

परत वाच. आत १७ आणि १६. त्या वाटीसारख्या रिमने कंट्रोल आर्मजवळ (सस्पेन्शनचा दांडा) तुला उलट १ एमएम कमीच मिळतोय आणि बाहेर जवळपास दुप्पट पसारा. विकणाऱ्याने नुसता ऑफसेट सांगितला, रुंदी गिळली. रुंद रिमला उणे ऑफसेट द्यावाच लागतो, नाहीतर तो आत घासेल. जागा वगैरे काही मिळत नाही त्यातून. आणि २८५ चा टायर २६५ पेक्षा २० एमएम रुंद आहे, म्हणजे प्रत्येक बाजूला १० एमएम टायरच खाणार हेही लक्षात ठेव.

नटबोल्ट_१२:
वरचं सगळं बरोबर, पण घासण्याची खरी जागा वेगळीच आहे आणि ती कोणी सांगत नाही. चाक वळतं ते स्वतःच्या मध्यावर गरगर फिरत नाही, स्टेअरिंगच्या अक्षाभोवती फिरतं, दरवाजासारखं. चाक जितकं बाहेर तितका तो दरवाजा मोठा आणि त्याचा घेर मोठा. मग फुल लॉक मारला (स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवलं) की टायरची पुढची कड बंपरच्या कोपऱ्यात जाते आणि मागची कड मडगार्डच्या मागच्या लायनरमध्ये (आतलं प्लास्टिकचं आवरण), त्याच्या मागे बॉडी माउंट (बॉडी चासीला जोडणारा आधार) असतो तिथे. आत जागा केलीस ती बाहेर अशी वसूल होते.

आणि लिफ्टचं म्हणशील तर गाडी उभी असताना जागा दिसते खरी, पण बंपस्टॉप (चाक वर जायचं थांबवणारे रबर) तेच असतील तर खड्ड्यात चाक पूर्ण वर दबलं की ते आधी जिथे यायचं तिथेच येतं. लिफ्टने ती जागा वाढत नाही. घासणार ते तिथेच, तेही चाक वळलेलं असताना.

मी स्वतः उणे १८ वापरलेत वर्षभर, दुसऱ्या पिकअपवर, दिसायला एक नंबर. मग एकदा दगडांवर पुढचं चाक एका कडेला आपटलं आणि स्टेअरिंगने असा हिसका दिला की अंगठा आठवडाभर सुजलेला (अंगठा स्टेअरिंगच्या आत घालू नका हे मलाच माहीत होतं, दुसऱ्यांना सांगायचो). कारण सरळ आहे, टायरचा मध्य स्टेअरिंगच्या अक्षापासून लांब गेला की दगडाचा धक्का लांब दांड्यावर बसतो. टायर मोठा झाला की अक्ष जमिनीला जरा बाहेर टेकतो त्यामुळे थोडं परत मिळतं, पण ते ५-६ एमएम, ऑफसेटने ४८ नेले त्याचं काय. हबच्या बेअरिंगवर आणि बॉल जॉइंटवर पण तोच दांडा काम करतो. माझ्या गाडीचं पुढचं डावं बेअरिंग घुरघुरायला लागलं तेव्हा रिम विकले. वर्षभर दारं खिडक्या चिखलाने लिंपलेल्या होत्या ते वेगळंच.

डिफलॉक:
२० इंच का रे बाबा. २८५/७० आर१७ ची साईडवॉल (बाजूची उंची) २०० एमएम, तेवढ्याच उंचीचा २७५/६० आर२० घेतलास तर १६५. दगडात हवा कमी करून १८ पीएसआय वर आणतोस तेव्हा दबायला तीच साईडवॉल असते, ३५ एमएम कमी म्हणजे रिमची कड दगडाला तेवढी जवळ. शिवाय १० इंच रुंदी या दोन्ही टायरच्या तक्त्यात बसत नाही, दोघांची वरची मर्यादा ९ ते ९.५ च्या आसपास. रुंद रिमवर साईडवॉल ताणली जाते आणि कमी हवेत बीड सुटायची भीती वाढते, अरुंद रिम बीड धरून ठेवतो. तुला १८ पीएसआयच्या खाली फार जायचं नसेल तर बीडलॉक (बीड बोल्टने दाबून धरणारी रिंग) वगैरेच्या नादी लागू नकोस, त्या रिंगचे बोल्ट सारखे तपासत बसावं लागतं.

रिमचा व्यास ब्रेक कॅलिपर ठरवतो. कॅलिपरवरून सुखाने जाईल तो सगळ्यात लहान रिम घ्यायचा. कंपनीचे १७ इंचीच आहेत म्हणजे तुला १७ चालतातच, तरी नवीन रिमच्या स्पोकची पाठ कॅलिपरला लागत नाही ना ते एकदा लावून हाताने फिरवून बघ.

हो आणि २६५/६५ वरून २८५/७० म्हणजे टायर ७ टक्के उंच. काट्यावर १०० असताना चाकाच्या हिशोबाने तू १०७ ला असणार, आणि गिअरिंग तेवढंच लांब झाल्याने चढावर गाडी जड वाटेल ती वेगळी.

रुंद_बैठक:
सगळे मिळून उणे ऑफसेटला शिव्या घालतायत म्हणून दुसरी बाजू पण सांगतो. मी शून्यवर आहे तीन वर्षं. अधिक ३० वरून शून्य म्हणजे दोन चाकांमधलं अंतर ६० एमएम वाढलं आणि आडव्या उतारावर गाडी जी आधी पोटात गोळा आणायची ती आता आणत नाही. हे नुसतं दिसण्यापुरतं नाहीये. फक्त मडगार्डवर फ्लेअर (बाहेर वाढवलेले काठ) लावावे लागले, बऱ्याच देशांत टायर मडगार्डबाहेर आलेला चालत नाही ते आधी बघून घे.

आधी चव बघायची असेल तर ३० एमएमचे स्पेसर (हब आणि रिमच्या मधली जाड चकती) लाव तुझ्याच रिमला, ऑफसेट शून्यच होतो. आवडलं तर रिम घे.

नटबोल्ट_१२:
स्पेसर चालतील पण हबवर घट्ट बसणारे, स्वतःचे बोल्ट असलेले. आणि गाडीचे मूळ बोल्ट स्पेसरच्या बाहेर डोकावत नाहीत ना ते बघ, डोकावले तर रिम सपाट टेकणारच नाही. ५०-१०० किमी नंतर टॉर्क रेंचने परत आवळ. स्पेसर हबला धरणारे नट आवळायला चाक काढावं लागतं म्हणून लोक टाळतात, तिथेच घोळ होतो.

चिखलातलं_चाक:
बापरे. काल टेप घेऊन खाली घुसलो होतो. फुल लॉकला मागच्या लायनरपर्यंत आत्ताच दोन बोटं जागा आहे, त्यात ८० एमएमवालं प्रकरण बसणार नाही हे न मोजता पण कळलं. २० इंचाचा नाद सोडला (मनात आहे अजून). आता १७ बाय ८.५ शून्यचा एक जुना सेट मिळतोय, फोर्ड रेंजर पिकअपवरचा. देणारा म्हणतो ६ बोल्ट, १३९.७, सगळं सेम, डोळे मिटून घे.

लो_रेंज:
डोळे उघडून घे. पीसीडी (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, तो १३९.७) सेम आहे पण मधलं भोक नाही. हायलक्सचा हब १०६.१ चा, रेंजरचा ९३.१. त्या सेटचं भोक रेंजरच्या मापाचं असेल तर रिम तुझ्या हबवर चढणारच नाही, आणि भोक कातून मोठं करायच्या फंदात पडू नकोस, मधला भाग किती जाड ठेवलाय ते आपल्याला काय माहीत. भोक ११० वगैरे असेल तर बसेल, मग रिम मध्यावर आणायचं काम नटचं, म्हणून नट नीट हवेत. कंपनीच्या काही अलॉयला चपट्या वॉशरचे नट असतात, बाहेरच्या बहुतेक अलॉयला ६० अंशांचे शंकूवाले लागतात. जुने नट नव्या रिमला लावून मोकळे झालेले लोक पाहिलेत मी.

रिमच्या पाठीवर लोड रेटिंग कोरलेलं असतं ते पण वाच. पिकअप आहे, मागे माल भरतोस. समज मागच्या ॲक्सलची मर्यादा १८०० किलो असेल तर एका रिमला कमीत कमी ९०० हवं. कारसाठीचे देखणे रिम इथेच मार खातात. रेटिंग सापडलं नाही तर सोडून दे तो सेट.

आणि एक विचार कर, २८५ खरंच हवेत का? २६५/७० आर१७ घे, उंची ३.४ टक्केच वाढते, सोबत १७ बाय ८ अधिक २०. आत ४ एमएम जास्त, बाहेर १६, कुठे काही कापायला नको. मी तरी तेच करेन.

चिखलातलं_चाक:
भोक ९३.१ च निघालं. सेट रद्द. २६५/७० चा विचार करतोय पण २८५ चं भूत उतरत नाहीये, लायनर थोडं गरम करून मागे दाबलं तर?

डिफलॉक:
लायनर दाबलं जाईल, बॉडी माउंट दाबला जाणार नाही. आधी एक २८५ कोणाकडून तरी उसना आण आणि एक चाक दगडावर चढवून, दुसरं लटकत ठेवून दोन्ही लॉक मारून बघ. आणि तोच टायर गाडीखाली स्टेपनीच्या जागी पण घालून बघ, तिथे बसला नाही तर पाचवा टायर ठेवणार कुठे?