पावसाची छोटी गोधडी: सरी कशा दाखवाव्यात?

प्रश्न:
नमस्कार. भिंतीवर लावण्यासाठी १२ इंच चौरसाच्या सहा छोट्या गोधड्या मी सहा ऋतूंवर शिवत आहे. ग्रीष्मासाठी आईच्या नऊवारीचा उन्हाने विटलेला पदर मिळाला आणि ती मनासारखी झाली. वर्षा ऋतूची मात्र फसली. करड्या कापडावर निळे थेंब कापून जोडले, तर ते चिकटवल्यासारखे दिसतात, आणि दाट टाक्यांमुळे चौकोन आक्रसून तिरका झाला. मृगाची सर आणि श्रावणातला ऊनपाऊस यांतला फरक कापडात कसा आणावा?

प्रतिसाद १:
थेंब उसवून टाकावेत, कारण गोधडीतला पाऊस धावदोऱ्यातच असतो. मृगाची सर वाऱ्याबरोबर येते, म्हणून तिच्यासाठी जाड दोऱ्याचे लांब, तिरके टाके घालावेत आणि ओळींतले अंतर मुद्दाम कमीजास्त ठेवावे. श्रावणासाठी एकपदरी पांढरा दोरा व बारीक टाके घ्यावेत, आणि मध्येच फिक्या पिवळ्या कापडाचा एक तुकडा टाक्यांविना मोकळा सोडावा. तेवढा भाग फुगीर राहतो. खिडकीचा उजेड बाजूने पडला की ढगांतून ऊन आल्यासारखा तो उजळतो. माझ्या गोधडीत ही जागा जेमतेम दोन बोटे रुंद आहे, तरी नजर प्रथम तिथेच जाते.

प्रतिसाद २:
तिरकेपणाचे कारण असे की सगळ्या ओळी एकाच टोकाकडून शिवल्या, तर वरचा थर हळूहळू एकीकडे सरकतो. एक ओळ वरून खाली, तर पुढची खालून वर घ्यावी, आणि त्याआधी सगळे थर कच्च्या टाक्यांनी बांधून ठेवावेत. दाट टाक्यांनी कापड आवळणारच, म्हणून १४ इंचांचे कापून शेवटी बेतावे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या समाजातील स्त्रिया त्यांची कवंदी, म्हणजे तिकडची गोधडी, काठापासून मध्याकडे शिवत नेतात. आपल्याकडेही अनेक घरांत गोधडी अशीच चौकोनात चौकोन घालत शिवली जाते. तिरक्या सरींना ही रीत जुळत नाही, परंतु शरदातल्या स्थिर तळ्यासाठी ती अवश्य वापरावी.

प्रतिसाद ३:
एक गोष्ट सुचवावीशी वाटते. पंचांगाप्रमाणे ज्येष्ठ-आषाढ हा ग्रीष्म आणि श्रावण-भाद्रपद ही वर्षा. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास, म्हणजे बहुधा ज्येष्ठात लागते, तेव्हा ती सर ग्रीष्माच्या गोधडीतच शोभेल.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. थेंब उसवले आहेत. विटलेल्या पदराच्या उजव्या कोपऱ्यात मृगाच्या सात ओळी आज घातल्या, उलटसुलट दिशांनी, आणि कापड सरळ राहिले आहे.