कोकणात देवमासा दिसतो का? फॅमिलीला घेऊन बोटीने जायचंय

ठाणेकर_बाबा:
डिसेंबरच्या शेवटी तारकर्लीला चाललोय, आम्ही दोघं, दोन मुलं (९ आणि ५) आणि आई. मुलांनी कुठल्यातरी रीलमध्ये बोटीच्या बाजूने देवमासा वर येताना बघितला, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. एका एजंटने व्हॉट्सअ‍ॅपवर 'व्हेल डॉल्फिन सफारी, १००% गॅरंटी' असं पाठवलंय. खरंच दिसतो का? आणि आईला बोट लागते, तिला न्यावं की किनाऱ्यावरच बसवावं?

देवबागवालो:
गॅरंटीवाल्याक आधी ब्लॉक करा 😄 समुद्र काय आमच्या घरचा हौद नाय. इथे दिसतो तो डॉल्फिन, तोसुद्धा बऱ्याचदा, कर्ली खाडी जिथे समुद्राला मिळते त्या बाजूला मासळी असली की कळपाने असतात. पण सकाळी लवकर निघा, वारा पडलेला असतो, पाणी सपाट, फिन (पाठीवरचा पर) लांबूनही दिसते. दुपारचा वारा सुटला की लाटांतच सगळं हरवतं आणि आईंचे हाल होतील ते वेगळेच.

समुद्र_वेडी:
रील बहुतेक श्रीलंकेतल्या मिरिस्साचं असणार, तिथे खोल समुद्र किनाऱ्याच्या अगदी जवळ येतो म्हणून ब्लू व्हेल दिसतात. आपल्याकडे उथळ पट्टा खूप रुंद आहे, त्यामुळे तसं होत नाही. म्हणजे देवमासे नाहीतच असं नाही हं, सिंधुदुर्गच्या समुद्रात ब्राइड्स जातीच्या देवमाशाच्या नोंदी आहेत, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं एक पिल्लू किनाऱ्याला लागलेलं, लोकांनी जीव तोडून परत समुद्रात ढकललं पण शेवटी वाचलं नाही. पण तासाभराच्या टुरिस्ट फेरीत तो दिसावा म्हणून पैसे मोजू नका. आपला किनाऱ्याजवळचा डॉल्फिन म्हणजे हंपबॅक, पाठीवर उंचवटा आणि त्याच्यावर छोटी फिन. मुलांना सांगा, बघण्याआधी कान द्या, वर येताना फुस्स करून श्वास सोडतो, इंजिन बंद असेल तर तो आवाज आधी येतो आणि मग पाठ दिसते. माझ्या भाचीला त्या आवाजाचंच जास्त वेड लागलं.

पुण्याचा_काका:
आम्ही एका ठिकाणी गेलो तर एका फिनच्या मागे सगळ्या बोटी, हॉर्न काय शिट्ट्या काय, डॉल्फिन बुडी मारून गेला तो गेला, आम्ही समोरच्या बोटीतल्या लोकांच्या टोप्या बघून परत. पैसे वाया.

देवबागवालो:
काका म्हणतात ते खरां आहे, म्हणून बोट ठरवताना तांडेलाला (बोट चालवणाऱ्याला) आधीच विचारा, पाठलाग करणार की लांब इंजिन बंद करून थांबणार. डॉल्फिन आणि देवमासा दोन्ही वन्यजीव कायद्यात अनुसूची १ मध्ये आहेत, त्यांना त्रास देणं गुन्हा आहे, हे चांगल्या तांडेलाला सांगायला लागत नाही. आणि धाकट्याच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का ते किनाऱ्यावरच घालून बघा, मोठ्यांचं जॅकेट पोराच्या डोक्यावरून वर सरकतं. ते नसेल तर दुसरी बोट.

ठाणेकर_बाबा:
मस्त, मुलांना आता डॉल्फिनच सांगतो. आईचं काय पण?

समुद्र_वेडी:
डॉक्टरांना विचारून बोट लागण्याची गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी द्या, उपाशीपोटी नेऊ नका, थोडं कोरडं काहीतरी खाऊ द्या. बोटीत मधे किंवा मागे बसवा, पुढचा भाग लाटांवर आपटतो. आणि चढायला गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं का ते आधी विचारा, त्यांना जमणार नसेल तर जेटीवरून निघणारी बोट शोधा.