मदत हवी आहे: उन्हाळी कांद्याला घरचं उळं (बी) सोडून सुधारित वाण घ्यावं का? कांदाचाळीत (साठवणीत) टिकणारं सांगा

मळेवाली:

नमस्कार मंडळी, यंदा उन्हाळी कांद्याचं वाण बदलायचं घाटतंय आणि घरात त्यावरून रोज चर्चा चालूय म्हणून इथे विचारतेय. आमचे सासरे वर्षानुवर्षं घरच्याच कांद्याचे डेंगळे (म्हणजे फुलाचे दांडे यावेत म्हणून कांदे) लावून बी धरतात, त्याला एकरी शंभर-सव्वाशे क्विंटल माल निघतो, म्हणजे काढणीला तसं वाईट नाही. पण खरा घोळ पुढे होतो. जून सरला की चाळीत वरचा थर छान गुलाबी दिसतो आणि कोपरापर्यंत हात आत घातला की बोटांना ओलं लागतं, जाड मानेचे कांदे मानेपासून सडलेले आणि त्यांच्या आजूबाजूचेही नरम पडलेले. म्हणजे भाव निघायच्या वेळेला आमच्याकडे विकायला मालच उरत नाही, आणि भीतीने आम्ही एप्रिल-मेमध्येच सगळ्यांबरोबर माल बाहेर काढतो.

गेल्या वर्षी एका ठिकाणाहून पिशवीतलं बी आणलं होतं, तर त्यात निम्मा रंग लाल निम्मा फिका, जोड कांदे भरपूर, डेंगळेही खूप. त्यामुळे सासरे म्हणतात की विकतच्यापेक्षा घरचं बरं, आणि त्यांचं म्हणणं मला अगदीच चुकीचं वाटत नाही. पण भीमा शक्ती, भीमा किरण, एन-२-४-१, ॲग्रीफाउंड लाइट रेड ही नावं सगळीकडे ऐकतेय. जमीन मध्यम काळी, ठिबक आहे, विहिरीचं पाणी मार्चअखेरपर्यंत पुरतं. यातलं कोणतं घेऊ? आणि नुसतं उत्पन्न सांगू नका प्लीज, सप्टेंबरपर्यंत चाळीत किती राहतं तेही सांगा, कारण आमचे पैसे तिथेच अडकतात.

जुना_कांदेकरी:

ताई, प्रश्न बरोबर जागी धरलाय तुम्ही. काढणीच्या ढिगाऱ्याकडे बघून वाण ठरवणारे लोक फार आहेत, चाळीतून तोलून बाहेर काय गेलं ते कुणी लिहून ठेवत नाही.

तुम्ही लिहिलेली चारही वाणं रब्बीला, म्हणजे उन्हाळी कांद्याला, चालणारी आहेत. एन-२-४-१ राहुरी विद्यापीठाचं, जुनं आणि खात्रीचं, हेक्टरी ३०० ते ३५० क्विंटल आणि साठवणीत ५-६ महिने टिकतं. भीमा किरण आणि भीमा शक्ती ही राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची, टिकाऊपणा तसाच ५-६ महिन्यांचा, उत्पन्न मात्र चांगल्या व्यवस्थापनात हेक्टरी ४० टनांच्या पुढे जातं, म्हणजे एकरी १६० क्विंटलच्या आसपास. भीमा शक्ती रांगड्याला (खरीप आणि उन्हाळीच्या मधल्या हंगामाला) पण चालतं, किरण उन्हाळीलाच लावा. तुमचं पाणी मार्चअखेर संपतंय म्हणजे लागवड डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकायला हवी, जानेवारीत गेलात की कांदा पोसायच्या वेळेला पाणी नसेल.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, बसवंत-७८०, फुले समर्थ, भीमा सुपर, एन-५३ ही पावसाळी हंगामाची वाणं. कुणी उन्हाळीसाठी गळ्यात मारलं तर घेऊ नका, तो माल चाळीसाठी नाहीच.

बीजवाला_भाऊ:

पिशवीतल्या बियाबद्दल बोलतो. रंग मिसळ निघाला म्हणजे बी शुद्ध नव्हतं हे बहुतेक नक्की. कांद्याचं परागीभवन मधमाश्या करतात, शेजारी दुसऱ्या वाणाचे डेंगळे असले की झालाच संकर. प्रमाणित बियाच्या प्लॉटला दुसऱ्या कांद्यापासून निदान ५०० मीटर अंतर लागतं, पायाभूत बियाला (ज्यापासून प्रमाणित बी तयार करतात त्याला) १००० मीटर. म्हणून बी शक्यतो संस्थेतून किंवा विद्यापीठातून घ्या, सीझनच्या बरंच आधी चौकशी करा कारण लवकर संपतं. पिशवी, लेबल, बिल आणि थोडं बी जपून ठेवा, तक्रार करायची वेळ आली तर त्याशिवाय कुणी ऐकत नाही. आणि मागच्या वर्षीचं उरलेलं बी वापरू नका, कांद्याच्या बियाची उगवण फार पटकन उतरते.

पण डेंगळ्यांचा सगळा दोष बियाला देऊ नका. उळं लवकर टाकलं, रोप जास्त वयाचं झालं आणि थंडी जोरात पडली की चांगल्या वाणालाही डेंगळे येतात. रब्बीला ४५-५० दिवसांचं रोप लावा, फार जाड झालेलं रोप बाजूला काढा.

मळेवाली:

दोघांचेही खूप आभार. थंडीचं खरंच डोक्यात नव्हतं आलं. आता सासऱ्यांना कसं समजावू ते सांगा, त्यांनी घरचं बी आयुष्यभर सांभाळलंय, ते एकदम टाकून द्या म्हणणं मला जड जातंय.

जुना_कांदेकरी:

टाकून द्यायचंच नाही ताई. एकाच रानात, एकाच दिवशी, एकाच ठिबकवर थोडे वाफे घरच्या बियाचे, थोडे भीमा शक्तीचे आणि थोडे एन-२-४-१ चे लावा. काढणीला तिन्हीचं वजन वेगळं घ्या. मग प्रत्येकातला जोड, डेंगळ्याचा, जाड मानेचा काढून उरलेला चांगला माल जाळीच्या पिशव्यांत भरा, तोलून चिठ्ठी लावा आणि चाळीत मधल्या थरात ठेवा. दर महिन्याला सडका आणि कोंब आलेला काढून परत तोलायचं. सासऱ्यांच्याच हाताने तोला. घरचं बी टिकलं तर तेच पुढे धरा, फक्त डेंगळ्याला लावायचा कांदा सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत चाळीत शाबूत राहिलेल्यातूनच निवडा, बारीक मानेचा, एकसारख्या रंगाचा. काढणीलाच मोठा बघून निवडलेला कांदा टिकेलच असं नाही.

ठिबकवाला:

एक ॲड करतो. वाण कोणतंही घ्या पण माना जाड राहिल्या तर सडणारच आणि जाड मान बहुतेक वेळा उशिरा दिलेल्या युरियाने होते. नत्राचे हप्ते लागवडीनंतर ३० आणि ४५ दिवसांनी द्या, त्यापुढे युरिया बंद म्हणजे बंद. ठिबक असल्यामुळे मोह होतो, पीक जरा पिवळट दिसलं की सोडतात लोक. गंधक विसरू नका. काढणीच्या १०-१५ दिवस आधी पाणी तोडा, निम्म्या माना पडल्या की काढा. शेतात ३-४ दिवस असा पसरा की एकाची पात दुसऱ्याच्या कांद्यावर येईल, मग इंचभर मान ठेवून पात कापा आणि सावलीत १०-१२ दिवस सुकू द्या, त्याच्या आधी चाळीत भरू नका. चाळीत थराची उंची ४-५ फुटांच्या वर नको.

ताई तुमची चाळ खालून हवा येणारी आहे का जमिनीला टेकलेली? ते सांगा म्हणजे पुढचं बोलता येईल.

मळेवाली:

टेकलेलीच आहे दादा, विटांवर बांबू टाकलेत तेवढंच, वीतभरच उंच असेल. पाणी मात्र आम्ही शेवटपर्यंत देत होतो, वजन वाढतं म्हणून. यंदा तोडते. वाफे वेगळे लावायला सासरे तयार झालेत, फक्त म्हणतात घरचं बी मधोमध लावायचं, कडेला नाही. चाळ तळापासून दोन फूट उचलायची तर खर्च कमीत कमी कसा बसवायचा ते कुणी केलं असेल तर सांगा, मोजमापासकट.