एकच प्रयोग पुन्हा का करायचा?

प्रश्न: तज्ज्ञांनी तपासून प्रसिद्ध झालेल्या निबंधातला प्रयोग दुसऱ्या कोणी पुन्हा करावा, असा आग्रह का धरला जातो? आणि खगोलशास्त्रात, जिथे घटना पुन्हा घडवता येत नाही, तिथे पुनरावृत्तीला काय अर्थ उरतो?

पहिले उत्तर: तज्ज्ञ निबंधाची मांडणी आणि तर्क तपासतात, उपकरण त्यांच्या हाती नसते. २०११ मध्ये इटलीतील ग्रान सास्सो येथील ऑपेरा या संशोधक गटाला न्यूट्रिनो (पदार्थातून जवळजवळ न अडता जाणारे अतिशय हलके कण) प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद लवकर पोहोचल्याचे दिसले. पुढे नीट न बसलेली ऑप्टिकल फायबर केबल हे मुख्य कारण निघाले, आणि त्याच प्रयोगशाळेतल्या इकारस गटाच्या स्वतंत्र मोजणीतही न्यूट्रिनोचा वेग प्रकाशाशी जुळणाराच आला. ऑपेरा गटाने आपले निरीक्षण जाहीर करतानाच इतरांना पडताळणीचे आवाहन केले होते, हे मला फार मोलाचे वाटते.

दुसरे उत्तर: मानसशास्त्रात अडचण वेगळी आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रकल्पात १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय (म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न येणारे) होते, पुनरावृत्तीत मात्र ३६ टक्क्यांतच. उरलेले सगळे खोटे ठरले असे नव्हे, कारण नमुना लहान असला की खरा परिणामही एखाद्या वेळी निसटतो. पण नियतकालिके प्रामुख्याने यशस्वी निष्कर्षच छापतात, तेव्हा योगायोगाने मिळालेले आकडेही ज्ञान म्हणून रुजतात.

तिसरे उत्तर: खगोलशास्त्राबद्दल सांगायचे तर, १९८७ए हा अतिनवतारा (सुपरनोव्हा, म्हणजे ताऱ्याचा प्रचंड स्फोट) एकदाच घडला, तरी त्याचे न्यूट्रिनो जपानमधील कामिओकांडे आणि अमेरिकेतील आयएमबी या दोन्ही शोधक उपकरणांनी स्वतंत्रपणे नोंदवले. तिथे घटनेची नव्हे, मोजणीची पुनरावृत्ती होते.