लिव्हरमधल्या नळीतून पू यायचा थांबलाय, काढायची का? मदत हवी आहे

सात_रस्ता: पप्पांच्या लिव्हरमध्ये पू झालेला, सोनोग्राफीवर बघत नळी टाकली, पिशवी रोज भरत होती पण काल संध्याकाळपासून थेंब नाही, ताप परत चढलाय. शेजारच्या बेडवरचे म्हणतात पू संपला, आता नळी निघणार. डॉक्टर सकाळी येतील. थांबू का?

होटगी_रोडकर: वय? शुगर? गळू केवढा? पू कसल्या रंगाचा? एवढं तरी लिहा की हो.

सात_रस्ता: ५८, शुगर आहे. ९ सेंमी, उजवीकडे. चॉकलेटी, वास नव्हता. दिवसाला १५० मिली यायचा.

चादरवाला: चॉकलेटी म्हणजे अमीबाचा, घाण पाण्यातून पोटात जाणारा जंतू. मेट्रोच्या (मेट्रोनिडाझोल) गोळ्यांनी जातो, नळी उगाच टाकली. माझा गेला.

होटगी_रोडकर: तुमचा केवढा होता? ९ सेंमीचा नुसत्या गोळ्यांवर सोडला आणि पोटात नाहीतर छातीत फुटला तर?

चादरवाला: ३ सेंमी. पण पाणी उकळून प्या सगळे, इथं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, पिंपात साठवून काय काय होतं.

जुना_बाजार: आमच्या काकांचं सरळ पोट उघडून पू काढलेला, तेच पक्कं. नळीचा भरवसा नाही.

वॉर्डातली_ताई: आता बहुतेकांना पोट उघडावं लागत नाही, तेवढ्या जागेची भूल देऊन होतं. सात रस्ता, नीट वाचा. रोजचा पू हळूहळू १०-२० मिलीच्या खाली आला, ताप गेला, सोनोग्राफीत पोकळी आटली की मगच नळी काढतात. १५० वरून एकदम शून्य आणि वर ताप, म्हणजे नळी तुंबलीय नाहीतर सरकलीय. पप्पा नळीवर झोपलेत का, पीळ पडलाय का बघा. पिशवीच्या आधी तीन तोंडांचा कॉक, म्हणजे नळी उघड-बंद करायची चावी असते, त्याला हात लावू नका, सिस्टरला आत्ता उठवा. सकाळची वाट बघू नका.

विजापूर_वेस: पपईचं पान लिव्हरला लई चांगलं.

वॉर्डातली_ताई: कृपा करून आत्ता काही पाजू नका.

सात_रस्ता: कॉकच बंद होता! काल संध्याकाळी ड्रेसिंग झालं तेव्हा फिरला असणार. सिस्टरनी उघडला, निवासी डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी १० मिली सलाईन सोडलं, नळीत आधी काळपट गाठ सरकली मग धार लागली. अर्ध्या तासात ८० मिली. ताप अजून १०१ आहे, सकाळी परत सोनोग्राफी. ताई, कॉकची दांडी कुठल्या दिशेला असली की उघडा समजायचा? आता मी दर तासाला बघणार.