विषय: पकिप्सीची सहल – डबे कुठे उघडायचे?

सहल समिती:
नमस्कार मंडळी. जूनच्या सहलीसाठी न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीची रूरल सेमेटरी, म्हणजे तिथली दफनभूमी, ठरवतोय. डॉ. आनंदीबाई जोशींची रक्षा तिथे, त्यांच्या अमेरिकेतल्या यजमान कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत आहे. सकाळी फुलं वाहायची, मग तिथल्याच झाडांखाली डबे. कोण काय आणतंय ते कळवा.

अण्णा (एडिसन, न्यू जर्सी):
फुलं वाहायला मी पहिला. पण डबे? अहो, स्मशानातून आलं की घरात शिरायच्या आधी पायांवर पाणी घेणारी माणसं आपण, आणि तिथे बसून बटाटेवडे खायचे?

वैशाली:
अण्णा, रायगडावर पिठलं-भाकरी खाल्लीतच ना? महाराजांची समाधी हाकेच्या अंतरावर होती.

आणि इथे अमेरिकेत दफनभूमीत बसून खाणं जुनंच आहे. चर्चची आवारं थडग्यांनी भरून गेली, तेव्हा 1831 मध्ये बॉस्टनजवळ माउंट ऑबर्न ही बागेसारखी दफनभूमी झाली : टेकड्या, तळी, वळणावळणाचे रस्ते. 1838 मध्ये ब्रुकलिनचं ग्रीन-वुड. शहरात मोठ्या बागा नव्हत्याच, मग लोक सुट्टीच्या दिवशी खाण्याच्या टोपल्या घेऊन तिथेच जायचे. 1860च्या सुमारास ग्रीन-वुडला वर्षाला पाचेक लाख माणसं! ती गर्दी पाहूनच न्यूयॉर्कला बाग हवी या मागणीला जोर आला आणि सेंट्रल पार्क झालं. पकिप्सीची सेमेटरीही त्याच घराण्यातली.

अण्णा:
समाधीपुढे प्रसाद असतो, ते वेगळं. शेजारी ज्यांची माणसं आहेत त्यांनी आपल्याला अंताक्षरी खेळताना पाहिलं तर? त्यांचा विचार केलाय का कुणी?

सहल समिती:
हा मुद्दा बरोबर. माउंट ऑबर्नलासुद्धा आता पिकनिक चालत नाही. सोमवारी पकिप्सीच्या ऑफिसला फोन करतो. नाही म्हणाले तर हडसन नदीवरच्या पुलापाशी बसू. जुना रेल्वेपूल आहे, 2009 पासून पायी जायला खुला, सव्वा मैल लांब.

निर्मलामावशी:
मी एकदा जाऊन आलेय. दगडावर 1865–1887 वाचलं आणि हिशेब केला : बावीससुद्धा पुरी नव्हती हो पोर. 1886 मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाली, वर्षाच्या आत पुण्यात वारली. आणि रक्षा परत इकडे, रोझेलच्या कार्पेंटरमावशींकडे, जिच्या घरी ती पहिल्यांदा उतरली होती! रोझेल एडिसनहून अर्ध्या तासावर आहे, अण्णा.
पर्समध्ये शेंगदाण्याचा लाडू होता. अर्धा दगडाजवळ ठेवला, अर्धा तिथेच उभ्याउभ्या खाल्ला. काही वावगं वाटलं नाही.

अण्णा:
मावशी, हे आधी नाही का सांगायचं! लाडू तिथे, जेवण पुलापाशी. आणि दोन कॅन पाणी घ्या, हातपाय धुवायला. दहीभात आमच्याकडून.